नऊ नंबरवरून चौदाला

आमच्या घरात भूत, करणी, अंगात येणं यातलं काहीही कुणी बोललं, की वडील जेवणाच्या ताटावरून उठून जायचे. गावात धम्मदीक्षा झाली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं देव्हारा उचलून नेला होता, आणि बावीस प्रतिज्ञा आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. अशा घरात मी वाढले. त्यामुळे या सदरातले अनुभव मी वाचते ते खरं सांगायचं तर करमणूक म्हणून... आणि बहुतेकांची कारणं मला वाचता वाचताच सुचतात. माझ्या स्वतःच्या अनुभवाचं कारण मात्र एवढ्या वर्षांत सुचलेलं नाही. आता वय झालं आहे. लिहून टाकते.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. शिरपूर जैनहून एसटीनं अर्ध्या तासावरचं एक बाजाराचं गाव — नाव लिहीत नाही, त्या घरातली माणसं अजून तिथं आहेत. माणसांची नावंही बदलली आहेत. पोस्टाच्या मागे दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत टेलिफोनचा बोर्ड, मागच्या खोलीत बॅटऱ्या आणि गावातून येणाऱ्या तारा जिथं जोडायच्या तो सांगाडा. मी मॅट्रिक झाले आणि तिथं टेम्पररी ऑपरेटर म्हणून लागले. आमच्या वस्तीतून पगाराच्या नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी.

आजच्या मुलांना तो बोर्ड कसा समजावून सांगायचा? माझा नातू कुठल्याशा ग्रुपचा ॲडमिन आहे — कुणाला आत घ्यायचं, कुणाला गप्प करायचं, कुणाला काढून टाकायचं हे तो ठरवतो. माझं काम जवळपास तेच होतं, फक्त हातानं. पन्नास नंबरांचा बोर्ड. प्रत्येक नंबराला एक भोक आणि त्याच्यावर पितळेची छोटी झडप. गिऱ्हाइकानं आपल्या फोनचं हँडल फिरवलं की इथं त्याची झडप टक करून पडायची. मी दोरीसारखी कॉर्ड त्या भोकात घालून विचारायची, "नंबर प्लीज?" मग जोडीची दुसरी कॉर्ड हव्या त्या नंबरात घालून घंटी द्यायची. समोर एक खटका होता, तो ओढला की दोघांचं बोलणं माझ्या कानात यायचं. बोलणं संपलं की नाही, एवढं पाहण्यापुरताच तो ओढायचा, असा नियम. चोरून ऐकताना सापडलं तर नोकरी गेली. संपलं की गिऱ्हाईक पुन्हा हँडल फिरवायचं, कॉर्डजवळची संपल्याची झडप पडायची, मग कॉर्ड ओढून घ्यायची. गावात कोण कोणाशी बोलणार ते माझ्या दोन हातांवर होतं. मी वीस-एकवीस वर्षांची होते. जी घरं मी आतून कधी पाहिली नव्हती, त्यांचे आवाज मला पाठ होते.

नऊ नंबर म्हणजे थोरल्या सेठांचं घर. चौदा म्हणजे धाकट्या सेठांचं. सख्खे भाऊ, जैन, कपाशीचे व्यापारी. आणि त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी — थोरली विमलाबाई, धाकटी कंचनबाई. घराला घर लागून, मध्ये एक भिंत. पण दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. विमलाबाईंची चार वर्षांची मुलगी होती, बेबी. विमलाबाई सासूबरोबर मुक्तागिरीला यात्रेला गेल्या आणि पोरीला बहिणीजवळ ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी पोर तापानं फणफणली आणि तिसऱ्या दिवशी गेली. विमलाबाईंनी परत आल्यावर अंगणात उभं राहून सांगितलं, "माही पोर ठणठणीत होती. हिनं ध्यान नाई देलं." कंचनबाईंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे लोक त्याच्याही पुढचं बोलले. कंचनबाई काहीच बोलल्या नाहीत म्हणे. तेव्हापासून चुली वेगळ्या.

पर्युषणानंतर क्षमावाणीचा दिवस असतो. त्या दिवशी बोर्डावर माझे हात दुखले. सगळी जैन घरं एकमेकांना फोन करून वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची. नऊवरून सगळीकडे फोन गेले, चौदावरूनही गेले. नऊवरून चौदाला एकही नाही. माझी त्या जागेवरची ती पहिलीच क्षमावाणी होती, तरी मला ते जाणवलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी विमलाबाई आजारी पडल्या आणि त्यांना अकोल्याला मुलाकडे नेलं. दिवाळी झाल्यावर पंधरा दिवसांनी मी मामेबहिणीच्या लग्नासाठी जऊळक्याला गेले. चार दिवसांची सुट्टी. पाचव्या दिवशी सकाळी ड्यूटीवर हजर झाले.

दुपारी अडीचचा सुमार. आभाळ भरून आलेलं, खोलीत अंधारल्यासारखं झालं होतं. दुपारी दोन ते तीन बोर्ड झोपलेलाच असायचा. लाइनमन रहमानचाचा जेवायला घरी गेले होते. पोस्टमास्तर पुढे ठसे मारत होते, ते ऐकू येत होतं.

नऊची झडप पडली.

मला वाटलं, आले वाटतं अकोल्याहून परत. बरं वाटलं असेल. कॉर्ड घातली. "नंबर प्लीज?"

"चौदा दे."

विमलाबाईंचा आवाज. थोडा बसका, "दे" असं तोडून म्हणायची त्यांची पद्धत. मी चूक नको म्हणून पुन्हा विचारलं, "चौदा का जी?"

"हो. कंचनले."

माझा हात क्षणभर थांबला, एवढं आठवतं. मग मी चौदाला घंटी दिली. पलीकडून कंचनबाईंनीच उचलला. मी म्हटलं, "बोला जी," आणि खटका बंद केला. आनंद झाला होता मला, खोटं कशाला सांगू. अकरा वर्षांनी... आणि ती गाठ मी घालून दिली होती.

पाच मिनिटं झाली, सात झाली. संपल्याची झडप पडेना. मी नियमाप्रमाणे खटका ओढला. आणि नियमाप्रमाणे लगेच सोडायला हवा होता, तो सोडला नाही.

विमलाबाई बोलत होत्या. नऊ नंबरची तार चिंचेच्या झाडातून गेलेली, त्या लाइनवर कायम खरखर असायची. त्या दिवशी नव्हती. शेजारी बसून बोलावं इतकं स्वच्छ.

"...दोन दिवसांपासून ताप होता तिले. मले माहीत होतं. सासूबाईले सांगतलं असतं तं जाऊ देलं नसतं मले. म्या गोळी देली, ताप उतरला, आन तशीच तुह्याजवळ देऊन गेली. तुले सांगतलं नाई. तुले सांगतलं असतं तं तू डागदर बोलावला असता. म्या मारलं तिले, कंचन. तू नाई."

पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. रडणं नाही.

मी घाबरले. ऐकायला नको होतं ते ऐकलं होतं. आत्ताच लाइनवर आल्यासारखं दाखवून मी ठेवणीतलं वाक्य म्हटलं, "बोलणं झालं का जी?"

 मग कंचनबाईंचा आवाज आला, "नाई, बाई. चालू हाये."

मी खटका बंद केला. पुन्हा ओढला नाही.

आणखी दहा मिनिटांनी रहमानचाचा आले. दारात सायकल लावून, तोंड पुसत. मी त्यांना म्हटलं, "चाचा, विमलाबाई परत आल्या वाटते. कधीच्या बोलून राह्यल्या चौदासंग."

"कोणत्या विमलाबाई?"

"नऊ नंबरच्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेटी, नऊ कुठं हाये आता? सेठचा अर्ज आला ना. ते सगळे अकोल्यालेच राह्यणार हायेत. परवा म्या काढून आणला तो फोन." आणि त्यांनी माझ्या मागच्या फळीकडे बोट केलं.

फळीवर काळा फोन होता. वायर गुंडाळलेली, तिला चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर चाचांच्या अक्षरात नऊ.

मी वळून बोर्डाकडे बघितलं. कॉर्ड नऊमध्येच होती. चाचांनीही बघितलं. ते मागच्या खोलीत गेले. मी उठून दारापर्यंत गेले. सांगाड्यावर नऊच्या दोन्ही तारा सुटलेल्या होत्या, टोकं बाहेर वाकवून ठेवलेली. म्हणजे बाहेरून, गावातून, कुठूनही काही बोर्डापर्यंत पोचायची वाटच नव्हती. चाचांनी ती टोकं बोटांत धरली आणि तसेच उभे राहिले.

तेवढ्यात पुढच्या खोलीत संपल्याची झडप पडली.

ती चौदानं हँडल फिरवून पाडली असेल, हे मला कबूल आहे. तिथं काही अमानवीय नाही. चाचांनी पुढे येऊन दोन्ही कॉर्ड स्वतः ओढून काढल्या. मग रुमाल काढून हात पुसले. दोन-तीनदा पुसले.

"तू काही ऐकलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

"कोणाले सांगू नको. तू टेम्पररी हायेस. ऐकत होती म्हणून तुले काढतीन, नाई तं येडी झाली म्हणून काढतीन."

चारच्या आसपास अकोल्याहून ट्रंक कॉल आला. अर्जंट, चौदासाठी. ट्रंक कॉलला ऑपरेटरला लाइनवर राहावंच लागायचं, आवाज पोचतो की नाही ते बघायला. विमलाबाईंचा मुलगा होता. धाकट्या सेठांनी उचलला. मुलगा म्हणाला, "काका, आई गेली. सकाळी अकरा वाजता. दुपारपासून लाइन मागून राह्यलो, आत्ता लागली."

सेठ काहीतरी विचारू लागले. त्यांच्या मागून कंचनबाईंचा आवाज आला, काय झालं म्हणून. सेठांनी सांगितलं. आणि मग मी ऐकलं... अगदी साध्या आवाजात, कुणी वेळ चुकीची सांगितली तर आपण दुरुस्त करतो तसं त्या म्हणाल्या, "असं कसं होईन? आत्ता तं बोलली माह्यासंग. अडीचले."

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. मी ती उचलली नाही.

तिसऱ्या दिवशी कंचनबाई एक्सचेंजवर आल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लहानखुऱ्या, डोक्यावरून पदर, डोळ्यांखाली काळं. बरोबर धाकटे सेठ होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. पोस्टमास्तर खुर्चीतून उठले, सेठांना बसा म्हणाले, आणि तिथंच उभे राहिले.

सेठ मला म्हणाले, "बाई, माफ कर. हिच्या मनाचं समाधान व्हावं म्हणून आणलं. सोमवारी दुपारी तू नऊवरून आमच्याकडे कॉल लावला होता का?"

कंचनबाई म्हणाल्या, "तूच म्हटलं ना, बोला जी. मधात विचारलं बी, बोलणं झालं का. आवाज तुहाच होता." आणि त्या थांबल्या, माझ्याकडे बघत.

मला सगळं दिसलं त्या क्षणी. पोस्टमास्तर. दारात उभे रहमानचाचा, नजर जमिनीवर. वडील, जे गावात अभिमानानं सांगायचे की माझी पोर सरकारी खुर्चीवर बसते. आणि मला हेही कळत होतं की हो म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार — काय बोलल्या त्या?

मी म्हटलं, "नाई जी. नऊ नंबर तं आधीच काढून आणला होता. कॉल कसा लागीन?"

हे म्हणताना मी फळीवरच्या फोनकडे बोटसुद्धा दाखवलं.

सेठांनी सुस्कारा सोडला. "पाह्यलं? चाल आता," ते हळूच म्हणाले. कंचनबाई भांडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहिलं आणि गेल्या.

पुढचे सहा महिने मी ते भोगलं. काय झालं ते मला बोर्डावरूनच कळत होतं. कंचनबाईंनी घरात सांगितलं होतं की ताईनं कबूल केलं, पोरीला आधीपासून ताप होता. आणि आता लोक बोलू लागले की स्वतःची सुटका करायला ही मेलेल्या बहिणीवर खोटं घालते. अकरा वर्षं गप्प होती, ती बहीण मरायची वाट पाहत होती. अकोल्याहून थोरल्या सेठांनी भावाला फोन करून सांगितलं की हे पुन्हा कानावर आलं तर तुझ्या दाराशी येणार नाही. हे सगळे कॉल मीच जोडत होते. एका घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मला वाटायचं कॉर्ड ओढून काढावी, लाइन खराब आहे म्हणून सांगावं. एकदा-दोनदा तसं केलंही. ते पुन्हा हँडल फिरवायचे. चौदावरून मात्र बाई माणसाचा आवाज येणं बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं आणि मला अकोल्याच्या एक्सचेंजमध्ये कायमची ऑर्डर मिळाली. मग धीर आला — असा उशिरा, नोकरी पक्की झाल्यावर. जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी मी चौदा नंबरच्या घरी गेले. अशा घराची पायरी मी आयुष्यात पहिल्यांदा चढत होते. कंचनबाई ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत. आत नेलं, खाली सतरंजी टाकली, स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं आणि समोर बसल्या.

मी म्हटलं, "बाई, कॉल आला होता. म्याच लावला होता. आन म्या ऐकलं बी."

"काय ऐकलं?"

मी सांगितलं. तापाचं, गोळीचं, सासूबाईंचं. शब्द न् शब्द. त्या ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. "म्या मारलं तिले, तू नाई" इथं आल्यावर त्यांनी डोळे मिटले.

मी म्हटलं, "मी आज सेठजीले सांगतो. सगळ्यांले सांगतो."

"राहू दे. आता म्हणतीन, म्याच तुले पढवलं." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, ते जास्त लागलं. मग त्या म्हणाल्या, "तू मधात विचारलं ना, बोलणं झालं का म्हणून. तुहा खटका वाजला, तू गेली. तं ताईनं विचारलं, कोण होतं? म्या म्हटलं, एक्सचेंजवरची पोरगी. ताई म्हणे, तिनं ऐकलं का? म्या म्हटलं, ऐकलं असंन. तं म्हणे, बरं झालं. तुह्यावर कोणी इश्वास नाई ठेवला तं ते पोरगी सांगन."

मी पेला खाली ठेवला.

"म्हणून आली होती म्या तुह्याकडं," त्या म्हणाल्या. "तुही नोकरी होती. समजलं मले ते."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी हात धरून उठवलं. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. चार-पाच वर्षांनी त्या गेल्याचं रहमानचाचांनी एका लग्नात सांगितलं. बाकी त्या विषयावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

नोकरीत पुढे मला चांगले शिकलेले इंजिनिअर भेटले. नावगाव न सांगता मी त्यांना विचारलं. झडप धक्क्यानं आपोआप पडू शकते, ते सांगतात. तार तारेला चिकटून दुसऱ्याच घरातला आवाज येऊ शकतो. पण नऊच्या तारा सांगाड्यावरूनच सुटलेल्या होत्या असं म्हटलं की ते जरा थांबतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्ही नक्की नऊच्याच भोकात कॉर्ड घातली होती का?" हो. नक्की. आणि कुठल्या दुसऱ्या घरातल्या बाईला ते ठाऊक होतं, जे विमलाबाईंनी अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं? मुलगा म्हणाला, सकाळी अकराला गेल्या. माझ्याशी अडीचला कोण बोललं? मी खूप विचार केला आहे. मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता मिळेल असं वाटत नाही.

ज्यांच्यापुढे हे सांगायचं होतं त्यातलं आता जवळजवळ कुणी नाही. तरीही ज्यांनी कंचनबाईंना खोटं ठरवलं त्यांची मुलं-नातवंडं कदाचित हे वाचतील. त्यांच्यासाठी एवढंच — कॉल आला होता. मी ऐकला होता. बेबीला आधीपासून ताप होता.